एल निनो म्हणजे ‘बाळ’

एल निनो हे वादळाचं नाव आहे असं काही जणांना वाटतं. तसं नाही. स्पॅनिशमध्ये ‘निन्यो’ म्हणजे लहान मुलगा. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास समुद्रात गरम पाण्याचा प्रवाह दिसायचा, मासळी कमी व्हायची. सण येशूजन्माचा, म्हणून प्रवाहालाही ‘एल निन्यो’, म्हणजे बाळ येशू. १८९२ मध्ये पेरूच्या नौदलातले कामिलो कारिल्यो यांनी राजधानी लिमाच्या भूगोल संस्थेपुढे हे नाव मांडलं, पायता बंदराच्या खलाशांचा दाखला देऊन. पुढे शास्त्रज्ञांनी ते विषुववृत्ताजवळच्या मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराच्या तापण्याला लावलं.

उच्चार खरं तर ‘निन्यो’च. त्या न वर स्पॅनिशमध्ये नागमोडी रेघ असते. इंग्रजीनं ‘कॅन्यन’ घेताना तो ‘न्य’ स्पेलिंगमध्ये आणला, इथं मात्र नुसती रेघ खाल्ली. याच्या उलट, तिथला समुद्र थंड होतो त्या अवस्थेला काही जण आधी ‘एल व्हिएहो’, म्हणजे म्हातारा म्हणत. टिकलं ते ‘ला निन्या’, मुलगी.

आमच्या लातूरकडे हा शब्द आता पारावरही ऐकू येतो. मामा परवा म्हणाले, “यंदा ते निनो यायलंय म्हनं, सोयाबीन पेरावं का न्हाई?” एल निनोच्या वर्षी आपल्याकडे पाऊस बऱ्याचदा कमी पडतो. २०१५ च्या एल निनोनंतर, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कोण विसरेल? पण मामांना मी १९९७ सांगितलं: एल निनो जबरदस्त होता, तरी देशातला पाऊस सरासरीइतका झाला.

‘बाळ’ अर्थ ऐकून ते हसले. म्हणाले, “लईच खोडकर लेकरू हाय की!”