ट्रॉलरच्या विंचचे बोल्ट, स्प्रिंगला स्टिफनेस किती द्यायचा?

खाडीकाठ:
मंडळी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरच्या विंचचा (जाळं ओढायच्या यंत्राचा) बेस नास्ट्रानमध्ये (मजबुती तपासायचं सॉफ्टवेअर) घेतलाय, बेसप्लेट 12 मिमी, खाली डेकची स्टील प्लेट 8 मिमी, एम16 चे आठ बोल्ट, 8.8 ग्रेड. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेवढ्यात बसवायचाय. बोल्टच्या जागी आरबीई2 ने (अजिबात न लवणारा जोड) सहाही डीओएफ (तीन सरकणं, तीन फिरणं) बांधले तर कोपऱ्यातले दोन बोल्टच सगळा भार खातायत, मधले नुसते बघ्याची भूमिका घेतायत. त्याऐवजी स्प्रिंग टाकायची म्हटलं तर स्टिफनेसचा (ताठपणाचा) आकडा कुठनं आणू? ऑफिसात एक जण म्हणतो दहाचा दहावा घात टाक नि मोकळा हो.

नटबोल्ट:
तो मोकळा होईल, अडकशील तू. एवढा आकडा म्हणजे परत रिजिडच, वर समीकरणांच्या मॅट्रिक्सची वाट लागते ती वेगळीच. अक्षाच्या दिशेला ईए भागिले एल कर (ई म्हणजे स्टीलचा लवचिकता गुणांक, ए बोल्टचं क्षेत्रफळ, एल लांबी), स्ट्रेस एरिया 157 चौ.मिमी, ई 2 लाख न्यूटन प्रति चौ.मिमी, पण लांबी नुसती 20 मिमी ग्रिप (दोन प्लेटांची जाडी) धरू नको, डोक्याचा नि नटाचा थोडा भागही ताणला जातो म्हणून 32 च्या आसपास धर, पावणेदहा-दहा लाख न्यूटन प्रति मिमी येईल. शिअरला (आडव्या भाराला) हाच आकडा चिकटवू नको हां, तिथे भोकाची कड दबते, बोल्ट वाकतो. बोल्टच्या जोडाची लवचिकता काढायचं ह्यूथचं सूत्र आहे, त्यात तुझ्या जाड्या घालून सिंगल शिअरला (दोनच प्लेटांचा जोड) बघितलं तर 2.9 लाखाच्या आसपास येतंय.
आणि नास्ट्रानमधली सीबुश स्प्रिंग वापर, साधी सीईएलएएस स्प्रिंग नको. तुझ्या दोन शेलच्या (मॉडेलमधल्या प्लेटांच्या) मधल्या पृष्ठांत 10 मिमी अंतर आहे, सीईएलएएस त्या अंतराचं मोमेंट धरतच नाही आणि मॉडेल हवेत कुठंतरी बांधल्यासारखं होतं. सगळे सपोर्ट काढून मोड्स (कंपनाच्या वारंवारता) काढ, मोकळ्या वस्तूला सहा शून्य आले पाहिजेत, कमी आले तर समजून जा.

बंदरकाका:
वरचं बरोबर पण प्लेटांमध्ये कॉन्टॅक्ट (टेकल्यावर दाब घेणारा संबंध) दिलायस का बाळा? नसेल तर दाबाच्या बाजूलाही बोल्टच भार घेणार, प्रत्यक्षात तिथे प्लेट प्लेटवर टेकते. स्प्रिंग शेलच्या एकाच नोडला (बिंदूला) लावली असशील तर तेही काढ, वॉशरएवढ्या भागावर पसरव, नाहीतर तेवढाच ठिपका आत जातो नि मेश (मॉडेलची जाळी) बारीक केली की उत्तर बदलतं.

खाडीकाठ:
कॉन्टॅक्ट नव्हता काका. सगळं बदलून चालवलं, सहा शून्य आले, मधले बोल्टही कामाला लागले. पण 2.9 लाख तरी कितपत खरा?

नटबोल्ट:
निम्मा करून बघ, दुप्पट करून बघ. कोपऱ्यातल्या बोल्टचा भार फारसा हलला नाही तर आकड्याच्या मागे लागू नको.

बंदरकाका:
आणि प्रीलोड (आवळल्यावर बोल्टमध्ये येणारा ताण) बघा रे. कोरड्या बोल्टला नट फॅक्टर (घर्षण धरायचा आकडा) 0.2 धरून 220 न्यूटन मीटर टॉर्कला साधारण 69 किलोन्यूटन येतो, ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला बराच जास्त, आणि खाऱ्या हवेत गंजलेल्या आट्यांवर बराच कमी. आपल्याकडे नाखवा कसं आवळतो ते एकदा जाऊन बघ, पान्याला पाइप लावून. टॉर्क रेंच घेऊन जा.