कागद नसल्यावर युनियन तरी कशाच्या जोरावर भांडणार?

गोदाकाठ:
काल इथं एकानं लिहिलं की युनियनसाठी कागद जमवणं म्हणजे टपाल खात्याशी बेइमानी, चार तासाची नोकरी हाय, गपगुमान करा. रात्रभर ते डोक्यातून जाईना. मी एकवीस वर्षं बीपीएम, म्हणजे गावच्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर. टपालाची बॅग यायलाच साडेअकरा वाजतात, मग आरडी, सुकन्या, विम्याचे हप्ते, वाटप, पाचच्या आत खुर्ची सुटत नाही. २०१८ ला सोळा दिवस संप केला तेव्हा कुठं आम्हा ग्रामीण डाकसेवकांच्या पगाराचं कमलेशचंद्र समितीचं लागू झालं, बीपीएमला रोजच्या चार तासाला महिना १२,०००, पाच तासाला १४,५००. त्या अडीच हजारासाठी अर्ज केला तर उत्तर काय, वर्कलोड सिद्ध होत नाही. युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, भाऊ, तोंडी सांगून मी काय मांडू, कागद दे. म्हणून रोज वहीत लिहू लागलो, बॅग कधी आली, पहिला व्यवहार, शेवटचा व्यवहार, खाली सही. यात बेइमानी कुठं आली?

रिटायर ओव्हरसीअर:
वही तुमची, सही तुमची, तिला कोण विचारतं? साहेब ऑफिसचं दप्तर बघतात, डेली अकाउंट, जर्नल, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या नोंदी. वर्कलोड व्यवहारावर निघतो, बसल्या तासावर नाही. आणि दप्तराचे फोटो काढून ग्रुपवर टाकणारे मी पाहिलेत, खातेदाराचं नाव, शिल्लक सगळं उघडं. डाकसेवकांच्या २०२० च्या नियमाखाली पुट ऑफ ड्युटी, म्हणजे कामावरून बाजूला केल्यावर घर कोण चालवणार?

बालाघाट:
व्यवहारावर निघतो ना, मग जो होतच नाही त्याचं काय?? दर्पणचं मशीन, ज्याच्यावर अंगठा लावून पैसे देतो, ते घेऊन मारुतीच्या पारावर उभा राहतो, तिथं एक कांडी रेंज येते. निराधारची म्हातारी सकाळपासून बसलेली, कापूस वेचून वेचून बोटाच्या रेषाच गेल्या, अंगठा सात वेळा लावला, सातही वेळा फेल. पाऊण तास गेला, हिशोबात शून्य.

मांजराकाठ:
प्रत्येक गोष्टीत रेंज आणायची सवय लागलीय. आमच्याकडं फोरजी फुल चालतं, काम करायचं असलं की होतं.

बालाघाट:
तुमचं गाव हायवेला हो! एक दिवस आमच्या तांड्यावर या, लाईट नाही, टॉवरची बॅटरी उतरलेली, मग कामाचं शिकवा. म्हातारी उपाशी परत जाते, शिव्या मला खाव्या लागतात.

मांजराकाठ:
आवाज चढवून टॉवर उभा राहत नाही. बीएसएनएलला अर्ज दिला का कधी?

बालाघाट:
तीन दिले. पोच हाय.

गोदाकाठ:
बघा, पोच ठेवली म्हणून आज बोलता आलं, मी तेच सांगतोय. फेल झालेला अंगठापण वहीत वेळेसकट लिहा. फोटोचं ओव्हरसीअर काकांचं पटलं, बंद करतो, खातेदाराचं नाव बाहेर जायलाच नको. दप्तरासाठी मी आरटीआय टाकला, दहा रुपयाची पोस्टल ऑर्डर लावून, माझ्याच ऑफिसचे डेली अकाउंट मागितले. तीस दिवस उलटले, काही नाही. पहिलं अपील केलं, मग गठ्ठा आला. वही आणि गठ्ठा तारखेला तारीख लावून बसलोय.

रिटायर ओव्हरसीअर:
गठ्ठ्याला वही जुळली तर वजन येईल, नुसत्या वहीला नाही, यावर मी ठाम आहे. पण एक सांगतो. मी ओव्हरसीअर म्हणून शाखा तपासायला जायचो, तेव्हा एका बीपीएमनं अशीच वही पुढं केली होती, फक्त वेळेखाली सही करा म्हणाला. वेळ खरी होती, माझ्यासमोरच बॅग आली होती. साहेबाच्या भीतीनं मी केली नाही.

बालाघाट:
काका, आता तरी हे लिहून द्या.

रिटायर ओव्हरसीअर:
तो बीपीएमच हयात राहिला नाही आता.