जुन्या बसखाली काम करायला लाकडी रॅम्प: कुठलं लाकूड, किती उंची?

प्रश्न (देवगड): जुनी लेलँड, रिकामी साधारण 6 टन. गिअरबॉक्स आणि स्प्रिंगपट्ट्या बघायच्यात. जॅकवर भरवसा नाही. घरी आंब्याच्या फळ्या पडून आहेत, चालतील?

मालवणी मिस्त्री: आंबा नको, दमट हवेत किडतो. ऐनाचं लाकूड घ्या, नाहीतर जुना फणस. फळी 50 मिमी जाड, एकावर एक पाच थर, म्हणजे 250 मिमी. वरचा थर 600 मिमी लांब, खालचा प्रत्येक 300 ने जास्त. सगळ्यात खालचा मात्र 2400 ठेवा: चाक आधी त्यावर चढतं आणि रॅम्प मागे सरकत नाही. पोकळ पेटी करू नका, सांधा कधी उघडेल सांगता येत नाही. खिळे खाऱ्या हवेत सडतात, 12 मिमीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आरपार, डोकी बुडवून. टोकाला अडसर हवाच.

चाकवाला: मागे जोडचाकं आहेत, तिथे रुंदी दोन्ही टायर मोजून ठरवा. एकच टायर टेकला तर सगळा भार त्याच्यावर.

रत्नागिरीकर: दादा, रॅम्पपेक्षा जमीन बघा. पावसात मातीत एक बाजू बसली की बस कलते. काँक्रीटवरच करा. अ‍ॅक्सलखाली जांभ्याचा चिरा लावू नका, एका ठिकाणी दाब आला की तो फुटतो. लोखंडी स्टँड लावा. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणून अडकवायचे ठोकळे. एअर ब्रेक असेल तर हवा उतरते, त्यावर विसंबू नका. चढवताना बाजूला एक माणूस, समोर कोणी नाही.