मदत हवी आहे: सारखी बंद पडणारी बॅटरीची स्कूटर दुरुस्त करू की वरच्या दर्जाची घेऊ? (कोल्हापूर)

पेठकरी

गाडी कमी वेगाची, २५० वॅटची, बिननोंदणीची आहे. १२ व्होल्ट २८ एएचच्या (अँपिअर-तास) पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या, म्हणजे ६० व्होल्टचा संच. वॉरंटी संपली आहे. दुखणी तीन:

१. चार्जरचा हिरवा दिवा लागतो, मीटर फुल्ल दाखवतो. पण पंधरा-सोळा किमी झाले की काटा एकदम झोपतो आणि गाडी बंद. दहा मिनिटं थांबलं की परत थोडी चालते.
२. पावसात भिजली की हॉर्न चालू, लाईट चालू, पण ॲक्सिलेटर पिळला तरी चाक हलत नाही. वाळली की आपोआप बरी होते.
३. डबलसीट चढाला थरथरते, मग दम सोडते.

वापर: मंगळवार पेठ ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन साधारण २५ किमी. अधूनमधून डबलसीट जोतिबा किंवा पन्हाळा. गाडी बोळात लागते, घर पहिल्या मजल्यावर. लायसन्स आहे. नवा बॅटरी संच टाकू, लिथियम करून घेऊ, की ही काढून नोंदणीची चांगली गाडी घेऊ? घ्यायची तर काय बघून?

उद्यमनगरी

आधी मल्टीमीटर घ्या, निर्णय नंतर. फुल्ल चार्ज करून तीन-चार तास गाडी तशीच ठेवा. मग पाचही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजून लिहा. चांगली लेड बॅटरी १२.७ ते १३ दाखवते. नुसत्या या आकड्यावर भरवसा ठेवू नका, मेलेली बॅटरीही विश्रांतीत साळसूद दिसते. खरी परीक्षा गाडी बंद पडते तेव्हा: त्या जागीच सीट उचलून पाचही परत मोजा.

चार्जरही तपासा. ६० व्होल्टच्या लेड संचाचा चार्जर शेवटी ७३-७४ व्होल्टपर्यंत नेतो आणि मग ६९ च्या आसपास धरून ठेवतो. तो ७६-७७ ला जात असेल तर बॅटऱ्या फुगवतोय. ७० च्या आधीच हिरवा होत असेल तर रोज उपाशी ठेवतोय.

वायरमन०९

दुखणं क्रमांक २ बॅटरीचं नाही. हॉर्न-लाईट आहे आणि मोटर नाही, तेही फक्त पावसात, म्हणजे बहुतेक ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ स्विच. ब्रेक दाबला की तो कंट्रोलरला (मोटरला वीज सोडणारी पेटी) सांगतो मोटर बंद कर. स्विचमध्ये किंवा हेडलाईटच्या आतल्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की कंट्रोलरला ब्रेक कायम दाबलेलाच वाटतो. ब्रेक लाईट सतत पेटलेला दिसला तर खूण पक्कीच.

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. दोन्ही लिव्हरचे दोन पिनी कनेक्टर एकेक करून सोडवा आणि हलकेच पिळा. चाक फिरलं तर चोर सापडला. स्विच बदला, कनेक्टरमधला हिरवा गंज साफ करून डायइलेक्ट्रिक (पाणी अडवणारं) ग्रीस भरा. सोडवलेल्या अवस्थेत रस्त्यावर मात्र काढू नका.

नाही फिरलं तर साईड स्टँडचा स्विच बघा, मग ॲक्सिलेटर. त्याला तीन वायरी: लाल ५ व्होल्ट, काळी निगेटिव्ह, तिसरी सिग्नल. सिग्नल न पिळता ०.८ ते १ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर ३.६ च्या वर जायला हवा.

पेठकरी

ब्रेक लाईट पावसात पेटूनच राहतो, बरोबर. उजव्या लिव्हरचा कनेक्टर हिरवा झालाय. बॅटऱ्यांचे आकडे:

फुल्ल, विश्रांतीनंतर: १२.९, १२.९, १२.८, १२.४, १२.९
बंद पडल्या पडल्या: १२.१, १२.०, १२.१, ९.८, १२.१
चार्जर ७३.६ ला जाऊन हिरवा होतो.

उद्यमनगरी

चौथी गेली. बेरीज ५८ दिसते म्हणून फसू नका, हे लोड (मोटरचा भार) काढल्यानंतरचे आकडे. चालत्या गाडीत बाकीच्या चार बॅटऱ्या सव्वाअकरापर्यंत दबतात आणि चौथी सातच्या घरात जाते. बेरीज ५२.५ च्या खाली गेली की कंट्रोलर कट मारतो (१०.५ गुणिले ५). थांबलं की व्होल्ट वर येतात आणि गाडी परत हलते. तुमचं दुखणं क्रमांक १ एवढंच आहे. चार्जर निर्दोष.

आता दुकानदार म्हणेल एकच टाका. नवी बॅटरी चार जुन्यांत बसली की तिची क्षमता जास्त, जुन्यांची कमी. चार्जर फक्त एकूण बेरीज बघतो, कुणाला किती मिळालं ते नाही. काही महिन्यांत पुढची सगळ्यांत अशक्त बॅटरी तेच करायला लागते. टाकायचा तर पाचांचा संच, एकाच बॅचचा.

लिथियमबद्दल: २० सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक (२० गुणिले ३.६५ = ७३ व्होल्ट) या कंट्रोलरला व्होल्टेजच्या हिशेबानं जमतो. पण चार्जर लिथियमचाच लागतो, आणि बीएमएसची (पॅकची राखण करणारं सर्किट) करंट मर्यादा कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा जास्त हवी, नाहीतर चढाला बीएमएसच कट मारतो. शिवाय गल्लीत जोडलेल्या पॅकला कसलीच चाचणी नसते. कंपनीच्या नोंदणीकृत गाड्यांना बॅटरी सुरक्षेचं एआयएस-१५६ मानक आहे. त्याची कडक दुरुस्ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशी दोन टप्प्यांत लागू झाली. बोळात, जिन्याखाली चार्ज होणाऱ्या गाडीत बिनचाचणीचा पॅक बसवू नये, एवढं स्पष्ट सांगतो.

घाटवाट

दुखणं क्रमांक ३ कुठल्याच दुरुस्तीनं जाणार नाही. गाडी ९० किलो, दोन माणसं १४०, चढ सहा टक्के, वेग ताशी १५. एवढ्याला चाकापाशी सातशे वॅट लागतात. तुमची मोटर सतत २५० ची. जास्तीचा करंट थोडा वेळ मिळतो, मग मोटर आणि कंट्रोलर तापतात. गाडी वाईट नाही, काम चुकीचं दिलंय. रंकाळ्याला चक्कर, महाद्वार रोडवरची खरेदी, एवढ्यासाठीच तिचा जन्म. उजळाईवाडीच्या पुढं महामार्गावर ताशी २५ नं ट्रकच्या रांगेत जाणं हा तर वेगळाच विषय.

लेडच्या संचाची ताकद कागदावर ६० गुणिले २८, म्हणजे १.६८ युनिट (किलोवॅट-तास). पण लेड रोज निम्म्याच्या फार पुढं पिळलं की आयुष्य झपाट्यानं घटतं. तुमचे रोजचे २५ किमी तिथंच जातात, म्हणून संच लवकर बसला. नवा संच टाकला तर त्याचंही तेच होणार.

मत: गाडी बदला.

वायरमन०९

+१. आणि ‘कमी वेगाचीच आहे, आतून ४५ ला सोडून देतो’ म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. २५० वॅट आणि ताशी २५ ची मर्यादा ओलांडली की ती मोटार वाहन ठरते. मग नोंदणी नाही, विमा नाही, अपघात झाला तर सगळं तुमच्या अंगावर.

घाटवाट

आता नवी कशी निवडायची. जाहिरातीतली रेंज विसरा. तुमच्या सगळ्यांत अवघड दिवसाचा हिशेब करा, तोही बॅटरी म्हातारी झाल्यावरचा.

अवघड दिवस म्हणजे पन्हाळा डबलसीट. अंतर साधारण २० किमी, चढ सुमारे ४०० मीटर. ११५-१२० किलोची गाडी आणि दोन माणसं मिळून २६० किलो. तेवढं वजन ४०० मीटर वर न्यायला २८३ वॅट-तास, मोटरचा तोटा धरून ३५०. त्यात अंतराचे किमीला ३० प्रमाणे ६००. म्हणजे जाताना ०.९५ युनिट. उतरताना खर्च कमी, पण रिजनरेशन (उतारावर मोटरनं बॅटरी चार्ज होणं) फार काही परत देत नाही. जाऊन-येऊन दीड युनिट धरा.

२.२ युनिटची गाडी नवी असताना हे सहज करते. पण बॅटरी ७० टक्क्यांवर आली की उरतात १.५, आणि तुम्ही वाघबीळ उतरताना टक्के मोजत बसणार. म्हणून तुम्हाला ३ ते ३.७ युनिट. त्याहून मोठी घेऊन पैसे अडकवायची गरज नाही, रोजचा वापर २५ किमीच आहे.

या मापात बजाज चेतक ३५ मालिका (३.५ युनिट, पत्र्याची बॉडी), एथर रिझ्टा (२.९ किंवा ३.७), टीव्हीएस आयक्यूब (२.२ पासून ५ च्या वरपर्यंत). कमाल ताकद ४ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे वरचे सातशे वॅट किरकोळ. आयक्यूबची मोटर चाकातच आहे, बेल्ट नाही, देखभाल कमी. रिझ्टाला बेल्ट आहे, तो वेळोवेळी तपासायचा. नुसत्या पन्हाळ्यासाठी एवढ्यावर भांडायची गरज नाही.

टेस्ट राईडला मात्र दोघं बसा. एकट्यानं सपाटीवर चालवून गाडी कळत नाही.

शाहूपुरीकर

मॉडेल ठरवायच्या आधी प्लग ठरवा! घर पहिल्या मजल्यावर आणि गाडी बोळात, म्हणजे वरून एक्स्टेंशन बोर्ड सोडायचा विचार असणार. नको. चार्जर ७५०-९०० वॅट सलग चार-पाच तास ओढतो, स्वस्त बोर्डाची पिन तिथंच वितळते. मीटरपासून वेगळी २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा). सॉकेट झाकणाचा, जमिनीपासून चांगला वर.

जुन्या पेठांत खरी बोंब अर्थिंगची. मोजून बघा: फेज-न्यूट्रल २३० असेल तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. नव्या गाड्यांचे काही चार्जर अशा ठिकाणी चार्जिंगच सुरू करत नाहीत, आणि लोक शोरूमला शिव्या देतात.

बोळात सॉकेट शक्यच नसेल तर यादी बदलते: हिरोच्या विडा व्ही२ ची बॅटरी काढून वर नेता येते. जिना रोज चढायचाय, शोरूममध्ये ती एकदा उचलून बघा.

पंचगंगाकाठ

पावसाचं राहिलं. आयपी६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. ते मानक रस्त्यावरच्या डबक्यासाठी ठीक आहे, २०१९ आणि २०२१ सारख्या पुरासाठी नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला आली की सखल भागातली गाडी उंचावर हलवा, चार्जरसकट. बुडालीच तर चालू करून बघायचं नाही, चार्जला तर अजिबात लावायचं नाही. फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पूर येत नाही, स्वतःच्या नुकसानीचा भागही घ्या.

पेठकरी

मीटरपासून वायर काढायला घरमालक तयार आहेत. अर्थिंग नव्यानं करून घेतो. मग ३.५ च्या आसपासची बघतो. कोटेशनमध्ये काय तपासू?

वायरमन०९

जीएसटी ५ टक्केच. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेचं अनुदान २०२५-२६ मध्ये किलोवॅट-तासाला २५००, जास्तीत जास्त ५००० रुपये होतं; आता मिळतं का विचारा. मिळत असेल तर ते बिलातच वजा दिसलं पाहिजे, ‘नंतर खात्यात येईल’ ऐकू नका. रोड टॅक्सची रक्कम लावली असेल तर राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण दाखवून विचारा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो किमतीत धरलाय का बघा. नंबर प्लेट हिरवी येते.

‘स्मार्ट पॅक’, ‘प्रो पॅक’ वेगळ्या ओळीवर लिहून घ्या, कधीकधी जास्तीचा वेग किंवा नॅव्हिगेशन त्यातच असतं. वॉरंटीत वर्षं आणि किमीच्या जोडीला क्षमतेची अट विचारा. एथरच्या वाढीव वॉरंटीत ८ वर्षं किंवा ८०,००० किमी आणि ७० टक्के क्षमता असं लिहिलेलं असतं. बाकीच्यांकडूनही असंच लेखी मागा. आणि सर्व्हिसला जाऊन एकच विचारा: कंट्रोलर किंवा चार्जर गेला तर कोल्हापुरात स्टॉकला आहे का, की मागवावा लागतो?

पेठकरी

आणि जुनीचं काय? एक्स्चेंजला कुणी विचारत नाही.

उद्यमनगरी

आरसी नाही, त्यामुळं नाव ट्रान्स्फर हा प्रकारच नाही, म्हणून शोरूमवाले टाळतात. शे-दोनशे रुपयांचा ब्रेक स्विच बदला आणि गाडी बॅटरीशिवाय विका. गल्लीत भाजी-दूध आणायला कुणीतरी घेतंच. पावतीवर चेसिस नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या. बॅटऱ्या बॅटरीवाल्याला किलोवर द्या, एक साधारण नऊ किलोची धरा, लेडला भाव असतो. भंगारात फोडायला देऊ नका.

संच काढताना आधी एमसीबी पाडा, मग मधली एखादी जोडपट्टी सोडा, म्हणजे संच दोन तुकड्यांत विभागतो आणि ६० व्होल्ट एकत्र राहत नाहीत. पान्याला टोक सोडून सगळीकडं इन्सुलेशन टेप गुंडाळा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा.