विषय: पोळीचा तवा हगालाच्या पातेल्यात चालेल का? (गुरुवारच्या आत सांगा)

शालोम मंडळी (सही नेहमीप्रमाणे आपापल्या इस्रायलमधल्या गावाच्या नावाने),
पेसाह (वल्हांडण) सणाआधीच्या हगालासाठी, म्हणजे भांडी उकळत्या पाण्यात बुडवून शुद्ध करायला, गुरुवारी पातेलं लागतंय. यादीत कुकर, झारे, डाव आहेत, तव्याचं काहीच लिहिलेलं नाही. बिडाचा तवा आणू का? आणि कुकरची रिंग?
— रामले

> बिडाचा तवा आणू का?

नको. पोळी कोरडी भाजतो. विस्तवाने आत शिरलेली पिठाची चव विस्तवानेच निघते, उकळत्या पाण्याने नाही. त्याला लिबून हवं, म्हणजे ठिणग्या उडेपर्यंत तापवणं. घरच्या शेगडीवर तेवढी आच मिळत नाही आणि बीड तडकायची भीती. नॉनस्टिकचा लेपच जळतो. तवा आणि फुलक्यांची जाळी हामेत्सच्या, म्हणजे सणात वर्ज्य गव्हा-मैद्याच्या वस्तूंच्या, कपाटात बंद करा.

कुकरमध्ये आधीचे २४ तास गरम काही नको. शिट्टी, व्हॉल्व्ह, रिंग काढा, मुठीचे स्क्रू खोला. लापशीचा थर मुठीखालीच घट्ट बसतो आणि तिथे पाणी पोचत नाही. रिंग नवीच घ्या, स्वस्त आहे. कुकर मोठा असला तर अर्धा बुडवून मग उरलेला अर्धा बुडवला तरी चालतं.
— दिमोना

सरसकट "नको" कशाला? तेल घालून तळतो त्या भांड्याला हगाला पुरतो, शुलहान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात ओराह हायीम भागात ४५१:११ पाहा. काहींचे तवे फक्त धिरड्यांचे असतात.
— अश्दोद

तळणीत तेल असतं, धिरड्याला नुसता बोळा फिरवतो. तेल आटलं की पीठ थेट लोखंडाला लागतं, मग लिबूनच. यावर रब्बी (धर्मगुरू) सांगतील ते मान्य, मेलवर निकाल नको.
— दिमोना

रब्बींना विचारायला आमची हरकत कधीच नव्हती. पातेल्याचं मात्र आम्हीच बघतो, तेव्हा लिहून ठेवतो: चमच्यांच्या जुड्या बांधून आणू नका, चिकटलेल्या जागी पाणी लागत नाही. एक भांडं बुडवलं की पाणी पुन्हा खदखदेपर्यंत दुसरं घालायचं नाही. बाहेर काढून लगेच थंड पाण्याने धुवा. चिनी माती नकोच, तिला हगाला नाही.
— अश्दोद

मधेच विचारते, मायक्रोवेव्ह?
— लोद

पुसून २४ तास बंद ठेवा, मग पेलाभर पाणी वाफ दाटेपर्यंत उकळा, पेल्याची जागा बदलून पुन्हा. काचेची थाळी आपल्यात नुसती धुवून चालते, अश्केनाझी (युरोपीय ज्यू) शेजारणीकडे नाही. ओव्हन पायरोलिटिक (स्वतःच खूप तापून मळ जाळणारा) असेल तर तो फेरा पुरेसा. टोस्टरच्या नादी लागू नका, विकून टाका.

मिक्सरचं भांडं कोणी विचारलंच नाही! लसूण-मिरची तिखट, पात्याच्या दाबाने चव थंडच आत शिरते, म्हणून नुसतं धुणं पुरत नाही. पात्याखालचा वॉशर उघडा. खालच्या झरोक्यांत पीठ उडत असेल तर मिक्सर बाजूला ठेवा. आणि हिंग! बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो, डबी कपाटात.
— दिमोना

हिंगाशिवाय वरण? आमच्याकडे आठवडाभर जिरं-लसणाची फोडणी. तांदूळ मात्र तीनदा निवडा, गव्हाचा दाणा हमखास सापडतो.
— बीरशेबा

तवा आणत नाही. झाऱ्याची मूठ लाकडी आहे, ती?
— रामले

लाकडाला हगाला चालतो. भेग असेल तर नाही, तिच्यात पीठ अडकतं.
— अश्दोद