कपाटात विसरलेल्या जुन्या वाइन: आठ जणांत उघडायच्या आहेत, तयारी काय करावी?

साका_बसला
सहा बाटल्या आहेत. फ्रान्सच्या बोर्दो रेड 1986 आणि 1990, तिथलीच पांढरी बरगंडी 1996, एक सोतेर्न (गोड पांढरी फ्रेंच वाइन), 1985ची व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) आणि साल न छापलेली एक साधी रेड. 1986च्या बाटलीत वाइन खांद्याच्या (मानेखालच्या रुंद होत जाणाऱ्या भागाच्या) मध्यापर्यंत उतरली आहे. साध्या रेडचं बूच किंचित वर आलंय. किती आधी उघडाव्यात, क्रम काय ठेवावा, बूच तुटलं तर काय करावं? आणि बिघडलेली वाइन पोटात गेली तर अपाय होतो का?

मंद_आच
आडव्या ठेवलेल्या बाटल्या दोन दिवस आधी उभ्या करा आणि मग हलवू नका. जुन्या रेडचा साका फार बारीक असतो. एकदा ढवळला की वाइन गढूळ आणि कडवट लागते.

पातळीचं म्हणाल तर तीस वर्षांपुढच्या बोर्दोत ती खांद्याच्या वरच्या टोकाशी असणं स्वाभाविक आहे. मध्यावर आली की धोका, त्याखाली गेली की आशा थोडी. बरगंडीच्या बाटलीचा खांदा उतरता असतो, त्यामुळे तिथे बुचाच्या खालच्या कडेपासून सेंटीमीटर मोजतात. 3-4 सेंमी ठीक. वर आलेलं बूच म्हणजे बहुतेक वेळा बाटलीने उष्णता खाल्ली आहे: आतला द्रव प्रसरण पावून बूच ढकलतो.

इतकं जुनं बूच साध्या स्क्रूने मधोमध फाटतं. दोन चपट्या पात्यांचा ओपनर घ्या. लांब पातं आधी, मग दुसरं, बूच आणि काच यांच्यामध्ये डावी-उजवीकडे झुलवत उतरवा आणि पिळत वर ओढा. बूच सैल असेल तर मात्र हीच पाती त्याला आत ढकलतात. म्हणून आधी मधोमध लांब स्क्रू फिरवून बूच धरून ठेवा, मग पाती घाला. तरी आत पडलंच तर घाबरायचं कारण नाही. धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून जगमध्ये गाळा. कॉफीचा फिल्टर कागद नको, त्याची चव उतरते.

निथळ
वरच्यात भर. जुनी रेड तासन्‌तास आधी निथळून ठेवणं ही सर्रास होणारी चूक. नाजूक वाइन हवेत वीस-तीस मिनिटांत विझू शकते. तासभर आधी बूच काढा, घोटभर चाखा, आणि ओतायच्या अगदी आधी निथळा. मानेखाली टॉर्च धरा, एकाच संथ धारेत ओता, साक्याची रेघ मानेकडे सरकली की थांबा. तळाची 40-50 मिली सोडून द्यायची, त्यात लोभ नको. पोर्टचं उलट: तिचा साका जाड असतो आणि तिला हवा मानवते, दीड-दोन तास आधी निथळली तरी चालते. बरगंडी आणि सोतेर्न थेट ग्लासात.

क्रम: साधी रेड पहिली, तिच्यावर हात बसवून घ्या. मग बरगंडी, 1986, 1990, सोतेर्न, शेवटी पोर्ट. ‘कोवळी आधी, जुनी नंतर’ असा प्रघात आहे खरा, पण पातळी उतरलेली 1986 जर 1990नंतर आली, तर तिच्यात उरलेलं कुणाला कळणारच नाही. रेड 16 अंशांना, बरगंडी 12, सोतेर्न 10.

माणशी 60 मिली ओता. आठ जणांचे 480 मिली होतात. उरलेली वाइन अर्ध्या तासाने दुसऱ्या फेरीला लागेल, आणि जुन्या वाइनची खरी गंमत त्या दुसऱ्या फेरीत आहे. सहा बाटल्यांचे पहिल्या फेरीतच माणशी 360 मिली होतात, म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली. थुंकायला भांडं ठेवा. गाडी कुणी चालवू नये.

कोरडा_घोट
अपायाबद्दल: वाइनचा पीएच 3 ते 4 असतो, म्हणजे ती बरीच आम्लधर्मी, शिवाय अल्कोहोल. रोगजंतू त्यात वाढत नाहीत. बिघडलेली वाइन बेचव असते, विषारी नसते. काळजी घ्यायची ती बुचावरून मानेला गुंडाळलेल्या पातळ पत्र्याची. 1990च्या दशकापर्यंत तो अनेकदा शिशाचा असे. बाटलीच्या ओठाच्या खालून कापून पूर्ण काढा, बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, मगच बूच काढा. बुचावरची बुरशी निरुपद्रवी असते, तीही त्याच फडक्याने जाते. काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे आहेत.

वासावरून घाईने निकाल देऊ नका. उघडताच येणारा कोंदट वास दहा-पंधरा मिनिटांत उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र हवेत वाढत जातो. तो बुचाचा दोष, त्यावर इलाज नाही. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा शिरका म्हणजे आंबट झाली. तपकिरी रंग आणि शिळ्या अक्रोडाचा वास म्हणजे हवा लागली. 1996च्या पांढऱ्या बरगंडीत ही भीती जास्त आहे, त्या काळातल्या बऱ्याच बाटल्या अकाली म्हाताऱ्या झाल्या. सोतेर्नचा गडद अंबर रंग मात्र दोष समजू नका.

साका_बसला
बाटल्या आजच उभ्या केल्या. पोर्ट उरली तर किती दिवस टिकेल?

निथळ
छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस. बोर्दो त्याच रात्री संपवा.