डुकराच्या केसांचा नवा दाढीचा ब्रश फार टोचतोय, मऊ कसा करायचा?

वाघोलीकर

मंडळी, जरा मदत हवीय. इतकी वर्षं फोमचा डबा वापरत होतो पण मानेवर दर वेळी पुरळ यायचं, म्हणून गेल्या महिन्यात सेफ्टी रेझर घेतला आणि सोबत ओमेगाचा १००४९ ब्रश मागवला, इटालियन, डुकराच्या केसांचा. आज पाचवी दाढी झाली आणि खरं सांगतो, गालावर खराटा फिरवल्यासारखं वाटतं. फेस पण नीट होत नाही, वाटीत सुरुवातीला छान वर येतो आणि गालाला लावायला जावं तर अर्धा कुठे गेला तेच कळत नाही, दुसऱ्या हाताला, म्हणजे परत फेस लावायच्या वेळी, तर नुसतं पांढरं पाणी उरतं. त्यात ओला झाला की गोठ्यासारखा वास, आई म्हणते ते बाथरूमच्या बाहेर ठेव. यूट्यूबवर एक जण सांगतो रात्रभर पाण्यात बुडवा, दुसरा म्हणतो उकळत्या पाण्यात घाला, तिसरा म्हणतो काही करू नका नुसता वापरत राहा. कुणाचं ऐकू?

वाघोलीत राहतो, सोसायटीला टँकरचं पाणी आहे, क्रीम व्ही-जॉनचं. आठवड्यातून तीनदा दाढी करतो. ही पद्धत मला मनापासून आवडलीय, सकाळची ती दहा मिनिटं शांत जातात, त्यामुळे ब्रश टाकून द्यायचा नाहीये.

पेठेतला जुना

उकळत्या पाण्याचं नाव काढू नकोस. हे आधी सांगतो कारण मी ते केलेलं आहे. कॉलेजात असताना वडिलांनी नवा ब्रश आणून दिला होता, लवकर मऊ व्हावा म्हणून मी तो गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या पाण्यात धरला आणि पंधरा दिवसांत केसांचा अख्खा झुबका दांड्यातून सुटून हातात आला. केस मुळाशी गोंदाने बसवलेले असतात, कडक पाण्याने तो गोंदही सुटतो आणि केसही ठिसूळ होतात. हाताला सहज सोसेल एवढं कोमट पाणी, त्याच्या वर जायचं नाही.

रात्रभर बुडवूनही काही साधत नाही. तू आंघोळीला जायच्या आधी पेल्यात कोमट पाणी घे, नुसते केस बुडतील एवढंच, दांडा वर राहू दे, आणि आंघोळ करून ये. तेवढ्या पाच-दहा मिनिटांत केस लागेल तेवढं पाणी पितात. मग दोन-तीनदा झटकायचा आणि कामाला लागायचं. कोरड्या किंवा नुसत्या नळाखाली धरलेल्या ब्रशने सुरुवात केलीस तर हा केस टोचणारच, त्याला भिजायला वेळ द्यावाच लागतो.

आता मुख्य गोष्ट. हा ब्रश लोखंडी तव्यासारखा आहे, मुरवावा लागतो. डुकराचा केस जाड असतो, पण वापरता वापरता त्याची टोकं फुटत जातात, एकाची दोन, दोनाची तीन. खालचा केस तसाच ताठ राहतो आणि गालाला लागतं ते टोक तेवढं मऊ होतं, म्हणून मुरलेल्या ब्रशला कणा पण असतो आणि तो टोचत पण नाही. ही टोकं फुटतात ती ओलं होऊन, साबणात फिरून, पूर्ण वाळून आणि परत ओलं होऊन. म्हणजे तुला ह्या फेऱ्या वाढवायच्यात, बाकी कसली जादू नाही.

त्यासाठी दाढी नसेल त्या दिवशीही रात्री झोपायच्या आधी ब्रश भिजव, थोडं क्रीम घे आणि डाव्या तळहातावर पाच मिनिटं फेस कर. तळहातावरच कर, वाटीत नको, कारण तळहाताला लगेच कळतं कुठल्या बाजूचा केस अजून राठ आहे. जोर लावायचा नाही, ब्रश दाबून पसरवला तर केस मधेच मोडतात आणि मधोमध भोक पडतं. मग स्वच्छ धुऊन, मुठीत हलकेच पिळून, टॉवेलवर चार वेळा फिरवून वाळत ठेव. रोज हे केलंस तर दहा-पंधरा वेळांनंतर फरक कळायला लागेल, खरा मुरायला पंचवीस-तीस दाढ्या धर.

आमच्या नारायण पेठेतल्या सलूनवाल्या काकांचा ब्रश लहानपणी गालाला लागायचा तो लोण्यासारखा. मला वाटायचं काहीतरी उंची माल असणार. पुढे कळलं की हाच साधा डुकराचा केस, फक्त दिवसातून वीस वेळा साबणात फिरलेला.

साबण-पाणी

पेठेतल्या काकांनी ब्रशचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, पण वाघोलीकर, तुझा अर्धा प्रॉब्लेम ब्रशचा नाहीच्चे, तो टँकरचा आहे. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा पांढरट साका करतो, त्यामुळे फेस बसतो आणि तोच साका केसांवर चढून ब्रश आणखी कडक वाटतो. मी पण वाघोलीच्याच बाजूला होतो चार वर्षं, बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो ना तोच ब्रशवर बसत असतो. नंतर कोथरूडला आलो, खडकवासल्याचं पाणी, तेच क्रीम तोच ब्रश आणि फेस दुप्पट. तिथे राहून करायचं काय तर दाढीपुरतं एक पेला पाणी आरओचं घे, भिजवायला पण आणि फेसाला पण. एवढंच करून बघ आधी. आणि महिन्यातून एकदा पेलाभर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून ब्रश पाच मिनिटं बुडव, मग भरपूर पाण्याने धू.

फेस गायब होतो त्याचं दुसरं कारण म्हणजे नवा ब्रश स्वतःच फेस पितो. म्हणून सध्या क्रीम जरा जास्त घे, सोललेल्या बदामाएवढं घेत असशील तर दीड बदाम घे, आणि पाणी मात्र थेंबाथेंबाने वाढव. सगळं पाणी सुरुवातीलाच घातलं तर फेस मोठ्ठा दिसतो पण त्यात दम नसतो, नुसते बुडबुडे. चांगला फेस दह्यासारखा दिसतो, बोट फिरवलं तर रेघ राहते.

आणि गालावर सुरुवातीचे काही आठवडे गोल गोल घासू नकोस, भिंतीला रंग देतात तसा वर-खाली लाव. टोचणं त्यानेच निम्मं कमी होईल.

रंगाचे हात

मी दाढीवाला नाही, चित्रकार आहे, पण विषय बघून राहवलं नाही. ऑइल पेंटिंगला आम्ही हाच केस वापरतो, हॉग ब्रिसल. आमच्या ब्रशात त्याची टोकं मुळातच फाटे फुटलेली असतात, म्हणून तो घट्ट रंग धरून ठेवतो, तुमच्याकडे साबण धरतो. अभिनव कला महाविद्यालयात शिकत असताना सरांनी नव्या ब्रशचं टोक भिंगाखाली दाखवलं होतं, अगदी झाडाच्या फांदीला डहाळ्या फुटाव्यात तसं दिसतं. त्यामुळे एक कळकळीने सांगतो, टोकं टोचतात म्हणून कुणी कात्रीने सारखी करून घ्यायला सांगितली तर अजिबात करू नका. ती फुटलेली टोकंच तर कामाची, ती कापली की उरतो तो नुसता ताठ खुंट आणि तो कधीच मऊ होत नाही.

कर्वेनगरची लेक

वासाबद्दल सांगते, बाबांना मागच्या वाढदिवसाला असाच ब्रश दिला होता, तेव्हा घरात हाच गोंधळ. मी केसांच्या शाम्पूने दोनदा धुतला, मग तळहातावर दाट फेस करून तो फेस तसाच ब्रशमध्ये ठेवून रात्रभर उभा करून ठेवला आणि सकाळी धुतला. असं तीन वेळा केलं. आठ-दहा दिवसांत वास गेला तो गेलाच.

खरी काळजी पावसाळ्यात घ्यायची. जुलैमध्ये पुण्यात कपडे वाळत नाहीत तिथे ह्याचं काय, बाबांनी प्रवासाच्या प्लास्टिकच्या डबीत ओलाच बंद केला आणि चार दिवसांनी मुळाशी काळे ठिपके. तेव्हापासून तो बाथरूममध्ये राहतच नाही, हॉलच्या खिडकीत पंख्याच्या वाऱ्यात असतो. उलटा टांगा नाहीतर उभा ठेवा, त्याने काही बिघडत नाही, हवा लागली पाहिजे.

निनाद_हडपसर

एक शंका, आमच्याकडे डुकराचे केस चालणार नाहीत, धार्मिक कारण आहे. मग काय घ्यावं? आणि ह्यातून काही रोग वगैरे होत नाही ना, कुठेतरी वाचलं होतं.

पेठेतला जुना

निनाद, सरळ सिंथेटिक घे, त्याला मुरवायची भानगडच नाही, पहिल्या दिवसापासून मऊ असतो आणि लवकर वाळतो. हल्लीचे चांगले असतात, मनात किंतु ठेवून डुकराचा वापरण्यात अर्थ नाही.

तू वाचलंस ते खरं आहे पण जुनं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात दाढीच्या ब्रशांमधून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता, ते घोड्याच्या केसांचे स्वस्तातले ब्रश होते, केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदीच घातली होती. आता नावाजलेले कारखाने केस निर्जंतुक आणि स्वच्छ करूनच वापरतात. तरी नवा ब्रश आधी साबणाने धुवावा, आणि दुसऱ्याचा वापरू नये.

वाघोलीकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, बरोबर तीन आठवड्यांनी लिहितोय. रोज रात्री तळहातावर फेस चालू आहे, एकही दिवस चुकवला नाही. आरओच्या पाण्याने तर पहिल्याच दिवशी फरक पडला, फेस दुसऱ्या हाताला पण पुरला, साबण-पाणी भाऊ तुम्ही वाचवलंत. वास गेला, आईने ब्रश परत आत घेऊ दिला. परवा भाचीच्या भिंगातून बघितलं तर कडेच्या केसांची टोकं खरंच फुटलेली, दोन-दोन बारीक पिवळट धागे, आणि मधले अजून सरळसोट. गालावर पण अगदी तसंच जाणवतं, कडेने मऊ आणि मधे थोडा चरचरीत. मानेवरचं पुरळ जवळजवळ गेलं.

फक्त एक आहे, अजून दाढीला एखाददुसरा केस गळतो, आणि एक केस बाकीच्यांपेक्षा वर आलाय तो नेमका हनुवटीला टोचतो. ओढून काढू का?

पेठेतला जुना

ओढू नकोस, शेजारचेही सैल होतील. कात्री फक्त त्या एकट्यासाठी, मुळाशी जाऊन काप. गळतात ते सुटेच राहिलेले असतात, तीस दाढ्यांनंतरही रोज पाच-सहा गळत असतील तर मात्र झुबका सैल आहे, तेव्हा सांग. आणि मधले केस राहिलेत म्हणालास ना, तर तळहातावर फेस करताना ब्रश आडवा न धरता उभा धर, अगदी हलक्या हाताने.